डिझेल इंजिन ठोकतंय, फिटर म्हणतो उघडा. उघडण्याआधी काय काय बघायचं?

विट्याचा_पिकअपवाला:
नमस्कार मंडळी. माझी पिकअप आहे, कॉमन रेल (एकाच जबर दाबाच्या पाइपातून सगळ्या इंजेक्टरना डिझेल), बीएस ४, दोन लाखाच्या वर चाललीय. डाळिंब आणि भाजीपाला घेऊन आटपाडी विटा पुणे असा धंदा. हल्ली सकाळी स्टार्ट केली की टक टक टक टक असा कडक आवाज येतो, ऐरणीवर हातोडी मारावी तसा, आणि पहिली काही मिनिटं पांढरट धूर सोडते जो डोळ्याला झोंबतो. गरम झाली की आवाज कमी होतो पण पूर्ण जात नाही. लोड घेऊन चढाला लागली की परत सुरू. अ‍ॅव्हरेज पण पडलंय.
एका फिटरने कान लावला आणि म्हणाला बिग एंड बेरिंग, म्हणजे क्रँकवरचं रॉडचं बेरिंग, गेलं, इंजिन खाली घ्यावं लागेल, क्रँक ग्राइंडिंगला जाईल, लाखाच्या घरात खर्च धरा. दुसरा म्हणतो डिझेलचा फवारा मारणारे चारही इंजेक्टर बदला. तिसरा म्हणतो पंपावरचं डिझेलच खराब. डाळिंबाचा सीझन तोंडावर आलाय, गाडी महिनाभर उभी राहिली तर हप्ता कुठून भरायचा. कुणाचं खरं मानू?

पंपवाला_मिरज:
दादा घाई करू नका, अजून काही उघडायला देऊ नका. आधी हे सांगा. ऑइलचा दिवा आयडलला मिणमिणतो का? डिपस्टिकवर ऑइल कमी होतंय का वाढतंय? मागच्या वर्ष दोन वर्षात इंजेक्टरला कुणी हात लावलाय का? थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत कूलंटला रेडिएटरकडे न सोडणारा व्हॉल्व्ह, जागेवर आहे का काढून फेकलाय? आणि उतारावर गाडी गिअरमध्ये ठेवून अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय पूर्ण काढला की आवाज येतो का थांबतो?

विट्याचा_पिकअपवाला:
ऑइलचा दिवा लागत नाही. डिपस्टिकवर ऑइल खुणेच्या थोडं वरच दिसतंय आणि मी तर टाकलेलं नाही. इंजेक्टर, हो, मागच्या वर्षी तीन नंबरचा बदललाय, जुन्या बाजारातला टाकला होता. थर्मोस्टॅट उन्हाळ्यात गाडी गरम होत होती म्हणून एकाने काढला, म्हणाला आपल्या हवेत लागत नाही. उताराचं बघून सांगतो.

पंपवाला_मिरज:
थर्मोस्टॅट नाही, इंजेक्टर जुना टाकलेला आणि ऑइल न टाकता वाढतंय. मला तरी बेरिंगपेक्षा इंधनाचा ठोका जास्त वाटतोय. उताराची टेस्ट नक्की करा. पण ऑइल वाढलंय त्याचं आधी, बदलल्याशिवाय लांबच्या ट्रिपला गाडी काढू नका. त्यात डिझेल उतरलंय, पातळ झालेलं ऑइल आज नसलेलं बेरिंगचं दुखणं उद्या आणेल.

लॅबवाले_कराड:
मी इंजिनिअरिंग कॉलेजच्या इंजिन लॅबमध्ये बरीच वर्षं शिकवलं, म्हणून जरा मुळापासून लिहितो, लांब होईल पण वाचा, कारण हे कळलं की तिन्ही फिटरच्या बोलण्यातलं काय घ्यायचं ते तुमचं तुम्हाला ठरवता येईल.

पेट्रोल इंजिनात ठिणगी पडते, तिथून आग पसरत जाते आणि अगदी शेवटी कोपऱ्यात उरलेलं मिश्रण आग पोचायच्या आधीच दाबाने आपोआप पेटतं, तो पेट्रोलचा ठोका. म्हणजे तो जळण्याच्या शेवटी होतो. डिझेलमध्ये ठिणगीच नाही. हवा इतकी दाबायची की ती तापते, मग त्यात डिझेलचा फवारा मारायचा आणि ते आपोआप पेटायचं. पण फवारा मारला आणि लगेच पेटलं असं होत नाही. थेंबांची वाफ व्हायला, हवेत मिसळायला, रासायनिक क्रिया सुरू व्हायला थोडा वेळ जातो, त्याला इग्निशन डिले म्हणतात. एवढ्या वेळात इंजेक्टर थांबलेला नसतो, तो डिझेल आत टाकतच असतो. म्हणजे डिले जेवढा लांब तेवढं जास्त डिझेल न पेटता आत साठतं, आणि मग पेटतं तेव्हा सगळं साठलेलं एकदम पेटतं. दाब धाडकन चढतो आणि पिस्टन, लाइनर, हेड सगळं थरथरतं. तोच तुमचा टकटक आवाज. डिझेलचा ठोका सुरुवातीलाच होतो.

आकड्यात सांगतो. आपल्याकडच्या बहुतेक लॅबमध्ये किर्लोस्करचं एक सिलिंडरचं टीव्ही १ इंजिन असतं, ८७.५ मिमी बोअर, ११० मिमी स्ट्रोक, १५०० आरपीएम, १७.५ कॉम्प्रेशन, आणि इंजेक्शन पिस्टन वरच्या टोकाला पोचायच्या २३ डिग्री आधी. १५०० आरपीएमला क्रँक एका मिलिसेकंदात ९ डिग्री फिरतो. डिले एक मिलिसेकंदाच्या जरा वर म्हणजे दहा बारा डिग्री गेला तर ठीक, इंजिन आपलं नेहमीचं बोलतं. तोच दोन मिलिसेकंद झाला की १८ डिग्री गेले, बहुतेक सगळं डिझेल आत जाऊन बसलं आणि अजून पेटलेलंच नाही! सेन्सर लावून बघितलं तर दाब एका डिग्रीला ५ बारच्या आसपास चढत असेल तर इंजिन सुखात असतं, १० च्या पुढे गेला की ठोका बाहेर उभ्या माणसाला ऐकू येतो.

आता डिले कशाने लांबतो? आतली हवा पुरेशी तापली नाही तर. इंजिन थंड, थर्मोस्टॅट काढलेला, थंड इंजिनात आतली हवा तापवणारे ग्लो प्लग गेलेले, रिंग किंवा व्हॉल्व्ह गळून कॉम्प्रेशन कमी झालेलं, टायमिंग फार पुढे असेल तर फवारा हवा नीट दाबली जायच्या आधीच पडतो म्हणून. डिझेलचा सिटेन, म्हणजे आपोआप पेटायची तयारी, कमी असेल तर. आणि फवारा बारीक न होता धार किंवा थेंब पडत असतील तर. या एवढ्या गोष्टींपैकी एकीसाठीही क्रँक काढावा लागत नाही, हे लक्षात ठेवा.

एसयूव्ही_नाशिक:
सर खूप छान समजावलंत. म्हणजे पेट्रोलला जे औषध ते डिझेलला विष असं काही आहे का? पेट्रोलमध्ये कॉम्प्रेशन वाढलं की ठोकतं म्हणतात.

लॅबवाले_कराड:
बरोबर पकडलंत, जवळपास सगळंच उलटं आहे. पेट्रोलला आपोआप न पेटणारं इंधन हवं म्हणून ऑक्टेन, डिझेलला पटकन आपोआप पेटणारं हवं म्हणून सिटेन. पेट्रोलमध्ये कॉम्प्रेशन वाढलं, आत जाणारी हवा गरम झाली की ठोका वाढतो, डिझेलमध्ये त्याच गोष्टींनी ठोका कमी होतो. एक टायमिंग तेवढं दोघांना सारखं, थोडं मागे घेतलं की दोघांचाही ठोका कमी होतो. पण डिझेलमध्ये फार मागे घेतलं की धूर येतो, ताकद जाते, सायलेन्सर तापतो, म्हणून आवाज दाबायला टायमिंग मागे घेणं म्हणजे ताप उतरवून रोग आत ठेवणं.

बागायतदार_इंदापूर:
आमच्याकडे थंडीत टाकीत दोन लिटर रॉकेल टाकतात, म्हणतात इंजिन हलकं चालतं. ते बरोबर का?

पंपवाला_मिरज:
अजिबात टाकू नका. रॉकेलचा सिटेन साधारण डिझेलपेक्षा कमी, म्हणजे ठोका कमी व्हायच्या ऐवजी वाढायचीच शक्यता. आणि त्याहून वाईट म्हणजे त्याला वंगणपणा नाही. पंपाचा प्लंजर, म्हणजे दाब देणारा दांडा, आणि इंजेक्टरची सुई डिझेलवरच चालतात, त्यांना वेगळं ऑइल नसतं. माझ्याकडे तपासणीच्या बेंचवर येणाऱ्या घासलेल्या प्लंजरवर उभे ओरखडे असतात, ते बघितलं की टाकीत काय गेलं असणार ते कळतं.
आणि रॉकेलचा विषय हलका नाही हो. २५ जानेवारी २०११ ला मनमाडजवळ पानेवाडीला भेसळ पकडायला गेलेले अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना जिवंत जाळलं होतं. एका अधिकाऱ्याचा जीव गेलाय यात, मला ते अजून विसरता येत नाही.

एसयूव्ही_नाशिक:
मग तिसरा फिटर म्हणतो ते डिझेल खराब असू शकतं? हल्ली सगळे म्हणतात एथेनॉल मिसळतात म्हणून इंजिनं ठोकतात.

लॅबवाले_कराड:
एथेनॉल पेट्रोलमध्ये मिसळतात, ई २० म्हणजे पेट्रोलच. एथेनॉलचा सिटेन फारच कमी असतो, ते पंपावरच्या डिझेलमध्ये नसतं. डिझेलला आपल्याकडे किमान सिटेन ५१ असा नियम आहे, आणि १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस ६ डिझेल, म्हणजे गंधक १० पीपीएमच्या आत. ते डिझेल जुन्या बीएस ४ गाडीला चालतं, त्यामुळे ठोकत नाही. खराब डिझेल ओळखायचा साधा मार्ग म्हणजे ठोका टाकी भरल्यावर लगेच सुरू झाला का ते आठवा, आणि चारही सिलिंडर सारखे ठोकतात का बघा. इंधन खराब असेल तर चौघांनाही तेच मिळतं. एकच सिलिंडर ठोकत असेल तर दोष त्या सिलिंडरचा.

ह्यूस्टनकर:
इथे अमेरिकेत डिझेलचा किमान सिटेन ४० आहे, युरोपात आणि आपल्याकडे ५१. इथे थंडीत सकाळी ट्रक सुरू होतात तेव्हा तो फरक कानाला कळतो. त्यामुळे आपलं डिझेल वाईटच असं सरसकट म्हणणं मला पटत नाही, कागदावर तरी आपला नियम कडक आहे.

घाटातला_ट्रक:
चुकून पेट्रोल भरलं तर? आमच्या ओळखीच्या एकाच्या गाडीत पंपावरच्या पोराने चुकीचं पिस्तूल लावलं, गाडी थोडी पुढं गेली आणि असं ठोकायला लागली की बाजूला घ्यावी लागली.

पंपवाला_मिरज:
पेट्रोल आपोआप पेटायला नाखूष म्हणूनच ते पेट्रोलच्या इंजिनात चालतं, डिझेलमध्ये तोच त्याचा अवगुण. डिले लांबतो, ठोका पडतो. कळलं की चावीसुद्धा फिरवू नका, कारण चावी दिली की टाकीतला पंप ते पुढे ढकलतो. टोचन करून न्या, टाकी उपसा, फिल्टर बदला, लाइन धुवा. स्टार्ट न करता केलं तर थोडक्यात भागतं. चालवली असेल तर हाय प्रेशर पंपाचा चुरा इंजेक्टरपर्यंत जातो आणि मग सगळी सिस्टिमच निघते.

विट्याचा_पिकअपवाला:
अण्णा, ऑइल आणि फिल्टर बदलून मग पुण्याला गेलो आणि उताराचं बघितलं. खंबाटकीचा बोगदा ओलांडला की पुढे उतार लागतो, तिथे तिसऱ्या गिअरमध्ये पाय काढून आलो. आवाज पूर्ण बंद! खाली येऊन परत पाय दिला की लगेच टकटक सुरू.

पंपवाला_मिरज:
झालं तर मग, मला जे ऐकायचं होतं ते हेच. कॉमन रेल गाडीत आरपीएम वर असताना गिअरमध्ये पाय काढला की ईसीएम, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, इंजेक्टर बंद करतो, एक थेंब डिझेल आत जात नाही. पिस्टन, रॉड, क्रँक मात्र तेवढ्याच वेगाने फिरत असतात. बेरिंग ढिलं असतं तर खडखड तिथेही राहिली असती, कित्येकदा पाय सोडल्यावर उलट वाढते. इंधन बंद झाल्यावर आवाज गेला म्हणजे आवाज जळण्याचा. आणखी एक, बेरिंगचा आवाज साधारण गरम झाल्यावर वाढतो कारण ऑइल पातळ होतं, तुमचा इंजिन थंड असताना जास्त आणि गरम झाल्यावर कमी. दोन्ही खुणा एकाच बाजूला बोट दाखवतात.

घाटातला_ट्रक:
आम्ही तर पाइपचा नट ढिला करून एक एक सिलिंडर कट करतो, ज्याचा नट सोडल्यावर आवाज जातो तो इंजेक्टर खराब. एवढं सोपं असताना उतार कशाला शोधायचा?

पंपवाला_मिरज:
भाऊ, दोन गोष्टी. पहिली जीवाची. कॉमन रेलला चालू इंजिनवर नट कधीच, कधीच सोडायचा नाही. १६०० बार आणि त्याहून जास्त दाब असतो, ती बारीक धार कातडीतून आत शिरते, बाहेर फक्त टोचल्यासारखं दिसतं आणि आत डिझेल पसरत जातं, लगेच ऑपरेशन झालं नाही तर बोट किंवा हात जातो. तसं कुणाला झालं तर दुखत नाही म्हणून घरी थांबू नका, सरळ मोठ्या दवाखान्यात जा आणि डिझेलची धार घुसलीय असं स्पष्ट सांगा. ही पद्धत जुन्या मेकॅनिकल पंपाची, ती नव्या गाड्यांवर चालवू नका. सिलिंडर कट करायचा तर स्कॅनरने करा.
दुसरी, कट टेस्ट फसवते. सिलिंडर कट केला की त्या रॉडवरचा जोर पण जातो, म्हणजे बेरिंग ढिलं असलं तरी आवाज कमी होतो. कट टेस्ट कुठला सिलिंडर ते सांगते, इंधन का बेरिंग ते सांगत नाही. या एका गैरसमजापायी किती जणांची चांगली इंजिनं उघडली गेली आणि किती जणांचे चांगले इंजेक्टर बदलले गेले.

लॅबवाले_कराड:
अण्णांच्या मुद्द्याला माझी पूर्ण सहमती. फक्त एक भर घालतो. उताराच्या टेस्टमध्ये पिस्टन स्लॅप, म्हणजे बोअर वाढून पिस्टन बाजूला आपटतो तो आवाज, तोही कमी होऊ शकतो आणि तोही इंजिन थंड असताना जास्त असतो. म्हणून कॉम्प्रेशन टेस्ट पण करून घ्या. कॉम्प्रेशन कमी असेल तर डिले त्यानेही लांबतो, आणि मग इंजेक्टर नवा टाकूनही ठोका अर्धाच जाईल.

पंपवाला_मिरज:
हो सर, ते बरोबर. दादा, स्कॅनर असलेल्याकडे जा आणि या गोष्टी वाचून आणा: कूलंटचं टेंपरेचर हायवेला किती राहतं, आयडलला चारही सिलिंडरचं करेक्शन, म्हणजे ईसीएम कुणाचं डिझेल किती कमी जास्त करतोय ते, किती, आणि इंजेक्टरचे कोड ईसीएममध्ये आहेत ते आणि इंजेक्टरच्या डोक्यावर छापलेले सारखे आहेत का.

एसयूव्ही_नाशिक:
इंजेक्टरला कोड कशाला?

पंपवाला_मिरज:
कारखान्यात दोन इंजेक्टर तंतोतंत सारखे होत नाहीत. एकाच वेळेला उघडले तरी एक थोडं जास्त टाकतो एक थोडं कमी. म्हणून प्रत्येकाची मापं घेऊन तो फरक कोडच्या रूपात त्याच्यावर छापतात, तो कोड ईसीएममध्ये लिहिला की ईसीएम त्या इंजेक्टरपुरतं उघडायची वेळ कमी जास्त करतो. आता हे ठोक्यासाठी महत्त्वाचं का? कारण पायलट इंजेक्शन. जुनं डायरेक्ट इंजेक्शन इंजिन सगळं डिझेल एका दमात टाकायचं म्हणून ते बाहेरून कडकड वाजायचं. कॉमन रेल मुख्य फवाऱ्याच्या आधी एक दोन मिलिग्रॅमचा चिमूटभर फवारा टाकतो, तो पेटून आतली हवा तापवतो, मग मुख्य डिझेल पडतं ते जवळपास पडल्या पडल्या पेटतं, साठत नाही. नव्या डिझेल गाड्या शांत वाटतात त्यात या चिमूटभर डिझेलचा वाटा मोठा. आता कोड चुकीचा असेल किंवा सुई घासली असेल तर मोठा फवारा कसाबसा बरोबर जातो पण एवढासा फवारा एकतर जातच नाही नाहीतर दुप्पट जातो. पायलट गेला की तो सिलिंडर जुन्या इंजिनासारखा ठोकायला लागतो.

लॅबवाले_कराड:
काही गाड्यांमध्ये ब्लॉकवर नॉक सेन्सरसारखा अ‍ॅक्सिलरोमीटर लावलेला असतो, डेल्फीच्या सिस्टिममध्ये तो आहे. तो इंजिनाची थरथर ऐकतो आणि ईसीएम त्यावरून पायलट किती वेळ उघडायचा ते शिकत राहतो. डिझेलला नॉक सेन्सर कशाला असं विद्यार्थी नेहमी विचारायचे, त्याचं उत्तर हे.

विट्याचा_पिकअपवाला:
स्कॅनर लावून आलो. कूलंट हायवेला ५५ ते ६० च्या मध्येच. करेक्शन तीन नंबरला उणे ४ च्या आसपास, बाकी तिघे अर्ध्याच्या आत. कोड तीन नंबरचा जुळत नाही, ईसीएममध्ये आधीच्याच इंजेक्टरचा आहे. कॉम्प्रेशन चारही सिलिंडरचं जवळपास सारखं आणि चांगलं आलं.

पंपवाला_मिरज:
सगळं जुळलं. कूलंट ८० ते ९० च्या मध्ये हवं, तुमचं इंजिन बारा महिने थंडीत चालतंय. आणि करेक्शन उणे म्हणजे ईसीएम ओरडून सांगतोय की तीन नंबर गरजेपेक्षा जास्त डिझेल टाकतोय, मी कमी करून करून दमलो. तो इंजेक्टर काढून बेंचवर घ्या, बहुतेक टोक गळत असणार. ऑइल वाढलं ते पण त्यानेच, न जळलेलं डिझेल बोअरच्या भिंतीवरून खाली उतरतं.
आणि गाडी अजून अशी चालवू नका, भाड्याचा मोह सोडा. गळका इंजेक्टर नुसता आवाज करत नाही, धार एकाच जागी पडत राहिली की तिथे पिस्टनचा माथा वितळतो आणि एक दिवस भोक पडतं. तेव्हा मात्र पहिल्या फिटरचा लाखाचा अंदाज खरा होईल.

ह्यूस्टनकर:
ऑइल वाढण्यावरून एक महत्त्वाची गोष्ट लिहितो कारण मी रिफायनरीच्या सेफ्टीत काम करतो. सम्पमध्ये, म्हणजे इंजिनाखालच्या ऑइलच्या भांड्यात, डिझेल मिसळून पातळी वाढली, किंवा टर्बोचं सील गेलं, तर इंजिन ब्रीदरमधून किंवा टर्बोमधून स्वतःचंच ऑइल ओढून जाळायला लागतं. मग चावी बंद केली तरी ते थांबत नाही, आरपीएम चढत जातो, इंजिन फुटेपर्यंत. बीएस ६ वाल्यांनी तर जास्त लक्ष द्यावं, डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी धरणारा फिल्टर, साफ करायला उशिरा जादा डिझेल टाकलं जातं आणि गाडी गावातल्या गावात फिरत असेल तर तेही ऑइलमध्ये उतरतं.

हाच प्रकार बाहेरच्या हवेत पेटणारी वाफ असली तरी होतो. २३ मार्च २००५, टेक्सस सिटीची रिफायनरी, इथून फार लांब नाही. एक टॉवर गरजेपेक्षा जास्त भरला आणि ब्लोडाउनच्या चिमणीतून हायड्रोकार्बन बाहेर ओसंडलं. जवळच एक डिझेल पिकअप आयडलला उभी होती. तिने हवेबरोबर ती वाफ ओढली आणि इंजिन आपोआप रेस व्हायला लागलं. केमिकल सेफ्टी बोर्डाने चौकशी केली, त्यात आग लागायचं सर्वात संभाव्य कारण म्हणून तीच पिकअप धरली. १५ माणसं गेली, १८० जखमी झाली. इंजिनाला इंधन इंजेक्टरमधूनच मिळतं असं नाही, जे हवेतून येईल ते पण ते जाळतं. म्हणून अशा धोक्याच्या जागी डिझेल इंजिनाला हवा बंद करणारा व्हॉल्व्ह लावतात.

घाटातला_ट्रक:
मग रस्त्यात असं रेस झालं तर करायचं काय? आम्ही ऐकलंय पण कुणी नीट सांगत नाही.

ह्यूस्टनकर:
चालवताना झालं तर वरचा गिअर टाका, ब्रेक पूर्ण दाबा आणि क्लच सोडून इंजिन बंद पाडा. उभ्या गाडीत झालं तर हवेचं तोंड बंद करा, फळीने किंवा जाड सपाट वस्तूने, किंवा सीओ२ चा फायर सिलिंडर हवेच्या पाइपात सोडा. हात किंवा फडकं लावू नका, ओढून नेतं. आणि इंजिनाच्या बाजूला उभे राहू नका. दोन सेकंदात जमलं नाही तर लांब पळा, इंजिन परत घेता येतं.

एसयूव्ही_नाशिक:
आम्ही लडाखला निघालोय डिझेल गाडीने, तिथे सकाळी ठोकणार का मग?

लॅबवाले_कराड:
सकाळचे काही मिनिट ठोका आणि पांढरा धूर येईल, हवा गार आणि विरळ दोन्ही, म्हणजे कॉम्प्रेशनच्या शेवटी दाब आणि ताप दोन्ही कमी. ग्लो प्लगचा दिवा विझेपर्यंत थांबून मग स्टार्टर मारा आणि निघताना हळू निघा. डिझेल गोठणं हा वेगळा प्रश्न, त्यात मेण धरून फिल्टर बंद होतो आणि इंजिन उपाशी मरतं, ठोकत नाही. त्यासाठी इंडियन ऑइलने २०१९ मध्ये लडाखसाठी उणे ३३ डिग्रीपर्यंत वाहणारं विंटर डिझेल आणलंय. थंडीत जाणार असाल तर वर पोचल्यावर तेच भरा.

विट्याचा_पिकअपवाला:
मंडळी गाडी झाली. इंजेक्टर बेंचवर लावला तर रेलचा दाब नुसता धरून ठेवला होता तरी टोकातून थेंब पडत होते, मी स्वतः उभा राहून बघितलं. नोझल आणि आतला व्हॉल्व्ह बदलला, खालचा तांब्याचा वॉशर नवा, कोड लिहिला, थर्मोस्टॅट बसवला, ऑइल फिल्टर परत बदललं. गाडी उन्हाळ्यात गरम व्हायची त्याचं कारण रेडिएटर अर्धा चोकअप होता ते पण निघालं. सकाळी आता आवाज जसा असायला पाहिजे तसाच आहे, धूर नाही. एकूण खर्च इंजिन उघडायच्या अंदाजापुढे काहीच नाही. अण्णा, सर, तुमचे उपकार कसे फेडू.

बागायतदार_इंदापूर:
अभिनंदन दादा. आता माझं पण सांगा. विहिरीवर पाच हॉर्सपॉवरचं जुनं एक सिलिंडरचं इंजिन आहे, हँडल मारून चालू करायचं. पंप उघडून परत बसवल्यापासून सारखं ठोकतंय, थंड असो का गरम, आणि चालू करताना हँडल उलटं मारतं, परवा गड्याच्या मनगटाला लागलं.

पंपवाला_मिरज:
हँडल उलटं मारणं म्हणजे पिस्टन वर पोचायच्या खूप आधी पेटतंय. टायमिंग पुढे गेलंय, पंपाखालचं शिम, म्हणजे पातळ पत्री, परत बसवताना राहिलं असणार. नीट होईपर्यंत कुणाला हँडल मारू देऊ नका.
असं तपासा. पंपाचा हाय प्रेशर पाइप काढा, कंट्रोल पूर्ण डिझेलवर ठेवा, आणि फ्लायव्हील फिरायच्या दिशेनेच अगदी हळू हाताने फिरवा. पंपाच्या तोंडात डिझेल भरलेलं दिसेल. ज्या क्षणी ते हलतं तिथे थांबा, ते इंजेक्शनची सुरुवात. आता फ्लायव्हीलवर वरच्या टोकाची खूण अजून किती लांब आहे ते कडेवर दोरीने मोजा. पूर्ण कडेचा घेर ३६० ने भागला की एका डिग्रीचं माप येतं. घेर १८० सेंमी असेल तर डिग्रीला अर्धा सेंमी, म्हणजे २३ डिग्री हवे असतील तर साडेअकरा सेंमी. तुमच्या इंजिनाला किती डिग्री हवेत ते मॅन्युअलमध्ये किंवा प्लेटवर बघा, दुसऱ्याच्या इंजिनाचा आकडा लावू नका.

बागायतदार_इंदापूर:
मोजलं. यायला पाहिजे त्यापेक्षा तीन सेंमी जास्त लांब येतंय. मग शिम घालायचं का काढायचं?

पंपवाला_मिरज:
घालायचं. शिम घातलं की पंप वर उचलला जातो, प्लंजरला डिझेल आत यायचं भोक बंद करायला जास्त वर यावं लागतं, इंजेक्शन उशिरा होतं. सगळा फरक एकदम काढू नका, एक शिम घाला, पंपाचे बोल्ट पूर्ण आवळा आणि मगच परत मोजा, कारण ढिल्या बोल्टवर घेतलेलं माप आवळल्यावर बदलतं. माप जमलं तरी ठोका राहिला तर नोझल टेस्टरवर लावून आणा, उघडायचा दाब आणि फवारा दोन्ही बघतो.